साळूबाईचा गोटा आणि येसबा हाडवैद्य

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं ठरलेलं आहे. म्हणजे येसबा हाडवैद्याची गोष्ट आमच्या निरगुडवाडीत सगळेच सांगतात, शाळेतसुद्धा सांगतात, पण ती अर्धी. पालखी आली तिथपासूनची. त्याआधीची अर्धी फक्त आमच्या घरात आहे, कारण येसबा आमच्या घराण्यातला, आणि त्या अर्ध्या गोष्टीत त्याची एक मोठी चूक आहे. "घरातलं घरात ठेवायचं," असं यमुनाआत्या म्हणते. आत्या इथल्या दवाखान्यात मदतनीस आहे, पाळी आली की हाक तीच मारते. घरी ती मला "ए माकडे" अशी हाक मारते. दवाखान्याच्या दारात वेगळी मारते, ते पुढे कळेलच.

मी आत्ता दवाखान्यासमोर करंजाच्या पारावर बसले आहे. सायकलवरून पडले, डावं मनगट सुजलं आहे. आई शेजारी बसून शेवग्याचा पाला निवडते आहे. रांगेत माझ्यापुढे सात गोटे आहेत. चारचौघांत तोंडानं सांगायला मला जमत नाही, पण उजवा हात चांगला आहे आणि वही जवळ आहे, म्हणून लिहून सांगते. गोष्टीतल्या येसबाला कुणी अहोजाहो करत नाही, म्हणून मीही करत नाही.

तर फार वर्षांपूर्वी, म्हणजे ह्या करंजाची सावली एका कोंबडीलासुद्धा पुरत नव्हती तेव्हा, ह्याच जागी येसबाचं घर होतं. येसबा हाडं बसवायचा. त्याच्यासारखा हाडवैद्य अकरा गावांत नव्हता. माणूस ओढ्यापलीकडून चालत आला की नुसत्या पावलांच्या आवाजावरून येसबा सांगायचा, कंबर आहे की गुडघा. एकदा त्यानं उडत्या बगळ्याचा दुखरा पंख खालूनच बघून ओळखला होता आणि बगळा आपण होऊन खाली उतरला होता, असं म्हणतात. त्याचे हात इतके झटपट चालायचे की माणसानं ओरडायला तोंड उघडावं, तोवर हाड बसलेलं असायचं. मग उघडलेल्या तोंडाचं काय करावं ते न कळून माणूस जांभई द्यायचा.

पण येसबाला माणसं दिसायची नाहीत. त्याला फक्त हाडं दिसायची. मान खाली घालून तो बसलेला असायचा आणि हाका मारायचा, "ए गुडघ्या, पुढं ये. ती कंबर कुठं गेली? त्या खांद्याला म्हणावं, लवकर आवर." आणि कुणी काही सांगायला लागलं की त्याचं एकच उत्तर असायचं, "गप बस. दुखणारच." दारात पाळी अशी नव्हतीच. ज्याचा आवाज मोठा, तो आधी. ज्याच्या अंगावरचं उपरणं भारी, तो त्याच्याही आधी. म्हातारी माणसं सकाळी आलेली संध्याकाळी उन्हाबरोबर सरकत सरकत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असायची. तरी लोक यायचे. कारण हात येसबाचा होता.

आणि आता ती घरातली अर्धी.

पलीकडच्या वस्तीवर साळू नावाची बाई होती. ती मागावर घोंगड्या विणायची. तिची घोंगडी पाऊस तीन दिवस अडवायची आणि चौथ्या दिवशी पाऊसच कंटाळून जायचा, असं म्हणतात. एकदा ती लाकडं काढताना पडली आणि तिचा डावा हात मोडला. मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा हाच हात झेलायचा. तो गेला असता तर माग बंद, आणि माग बंद म्हणजे साळूचं सगळंच बंद, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

तिचा नवरा दौलू तिला घेऊन येसबाकडे आला. दौलू फार बोलायचा. त्या दिवशी गावचा बाजार होता आणि येसबाच्या दारात गर्दी मावत नव्हती. साळू डोक्यावरून घोंगडी घेऊन खाली बसली. दौलू तिच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "पडली, वैद्यबाबा. ह्यो हात मोडलाय बघा," आणि त्यानं स्वतःचा उजवा हात वर केला. आता समोर उभं राहून बघितलं तर दौलूच्या उजव्या हातासमोर साळूचा डावा येतो. पण येसबानं तेवढं बघितलं नाही. त्यानं घोंगडीखाली हात घातला आणि साळूचा उजवा हात ओढून बाहेर काढला.

"अहो वैद्यबाबा," साळू म्हणाली.

"गप बस. दुखणारच."

"अहो, पण..."

"अगं, गप बस म्हणतायत ना," दौलू म्हणाला.

येसबानं चांगल्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या आणि मान वर न करता ओरडला, "चला, पुढचा घोटा!"

वाटेत साळूनं नवऱ्याला सांगितलं, की मोडलेला हात हा नव्हे, तो. दौलू म्हणाला, "येसबाला जास्त कळतं का तुला?" मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा इथे मला हसू आलं होतं. आत्या हसली नव्हती.

(आत्ता जाधवकाका आत गेले. माझ्यापुढे पाच गोटे राहिले.)

नऊ दिवस साळूचा एक हात मोडलेला आणि दुसरा बांधलेला होता. तिला शेजारणीनं भरवायचं, शेजारणीनं वेणी घालायची. नाकावर माशी बसली तरी फुंकर मारून उडवायची. दौलू पहिल्या दिवशी म्हणाला, सूज उतरेल. पाचव्या दिवशी म्हणाला, वेळ लागतो. आठव्या दिवशी तो काहीच म्हणाला नाही, आणि दौलूनं काही न म्हणणं हाही एक चमत्कारच होता. नवव्या दिवशी साळूनं डाव्या हाताकडे बघितलं. हाड वाकडं धरायला लागलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर ते तसंच राहिलं असतं.

साळू एकटीच निघाली. येसबाच्या दारात तिच्या आधी अकरा माणसं होती. ती एका बाजूला जाऊन उभी राहिली. येसबाला खाली फक्त कामट्या दिसल्या. तो म्हणाला, "ए हाता, काय झालं?"

"कुठला हात, वैद्यबाबा?" साळू म्हणाली. "मला साळू म्हणतात. आणि तुम्ही बांधलात तो मोडलेला नव्हता. मोडलेला हा."

सगळं दार तिच्याकडे बघायला लागलं. वळचणीतल्या चिमण्यासुद्धा वाकून बघायला लागल्या, असं म्हणतात.

येसबानं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुखणाऱ्या माणसाचं तोंड बघितलं. मग त्यानं डावा हात बघितला आणि त्याला कळलं, की दोन-चार दिवसांत हा हात कायमचा जाणार आणि तो आपण घालवलेला असणार. त्याचे झटपट चालणारे हात कापायला लागले.

"तू सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तीनदा सांगायला गेले. दोनदा तुमच्यासमोर आणि एकदा वाटेत."

येसबा उठून उभा राहिला. "चल, आधी तुझा हात. बाकीचे थांबतील."

साळू जागची हलली नाही. "नाही. हे अकरा जण माझ्या आधी आलेत. ती म्हातारी तर कोंबडा आरवल्यापासून बसलीय. तिचं करा, मग पुढचं. माझी पाळी आली की मला विचारा."

"पण पाळी कळायची कशी? इथं तर सगळेच पुढं घुसतात."

साळू ओढ्यावर गेली. दोन्ही हात कामातून गेलेले, म्हणून तिनं एक वाटोळा गोटा पायानं ढकलायला सुरुवात केली. ओढ्यातून काठावर, काठावरून चढावर, पायाच्या अंगठ्यानं ढकलत ढकलत ती तो गोटा येसबाच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. तो चढ मी रोज शाळेत जाताना चढते. नुसतं दप्तर घेऊन चढायलासुद्धा मला दोनदा थांबावं लागतं. साळूचा गोटा मात्र एकदाही मागे घरंगळला नाही, असं म्हणतात.

ते बघून ते अकरा जण उठले आणि एकेक गोटा घेऊन आले. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांचा दुसऱ्यांनी आणला. जसे आले होते तसे साळूच्या गोट्यापुढे, उंबऱ्याच्या आत, अकरा गोटे ओळीनं लागले आणि साळूचा बारावा. मग सगळे जाऊन भिंतीच्या सावलीला बसले. कारण गोटा रांगेत असला की माणसानं उन्हात उभं राहायची गरज काय?

येसबा कोंबड्याच्या वेळेपासून बसलेल्या म्हातारीजवळ गेला. तिच्यासमोर तो उकिडवा बसला. मग तो म्हणाला, "आजी, नाव काय तुमचं?"

"मला विचारतोस?" म्हातारी म्हणाली. "थांब, आठवू दे. लई दिवसांत कुणी विचारलं नाही." मग म्हणाली, "धोंडू."

"धोंडूआजी, कुठं दुखतंय? आणि हात लावू का?"

त्या दिवशी येसबानं अकरा वेळा विचारलं, हात लावू का. पहिल्यांदा विचारताना तो अडखळला. पाचव्यांदा विचारताना त्याच्या हातांचा कंप थोडा कमी झाला. आणि गंमत अशी, की नुसतं विचारल्यावरच दुखणं चार आणे कमी व्हायचं, असं म्हणतात. दोन माणसं तर पट्टी न बांधताच घरी गेली.

दुपार कलली आणि साळूचा गोटा आला. गावात सांगतात ती गोष्ट इथून सुरू होते.

तेवढ्यात वाजतगाजत पालखी आली. पालखीत त्या मुलखाचे इनामदार होते आणि पुढे त्यांचा कारभारी. इनामदार फार तापट होते असं सगळीकडे माहीत होतं, कारण ते कधी साधं बोलायचेच नाहीत, ओरडायचे. नाहीतर गप्प बसायचे आणि त्यांच्या वतीनं कारभारी बोलायचा.

"बाजूला व्हा!" कारभारी म्हणाला. "सरकारांचा पाय मुरगळलाय. ए वैद्या, चल ऊठ."

येसबा म्हणाला, "गोटा लावा, कारभारी. आधी ह्या साळूबाईंची पाळी आहे."

"कोण साळूबाई?" कारभाऱ्यानं साळूचा गोटा बघितला आणि तो उडवून द्यायला सणसणीत लाथ मारली. गोटा हलला नाही. कारभारी मात्र एका पायावर नाचत पालखीभोवती तीन फेऱ्या मारून आला.

मग दोन भोई आले. मग चार. मग आठही भोयांनी मिळून जोर लावला. एका बाईनं पायाच्या अंगठ्यानं ढकलत आणलेला गोटा आठ गड्यांना तसूभर हलला नाही. नंतर हत्ती आणला होता असंही म्हणतात, पण आमच्या ओढ्याच्या वाटेनं हत्ती आला कसा, ते कुणाला सांगता येत नाही.

"ह्या घराचं उद्या छप्पर राहायचं नाही!" कारभारी पाय चोळत ओरडला.

येसबाच्या हातांना पुन्हा कंप सुटला. अशा हातांनी हाड बसत नाही, हे त्याला माहीत होतं आणि साळूलाही. घर जाण्याचं त्याला तितकं वाटत नव्हतं. आता चुकलं तर तिचा हात गेला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो तिच्यासमोर बसला आणि नुसताच बसून राहिला.

साळू म्हणाली, "मला घाई नाही, वैद्यबाबा. तुम्ही दम खावा. मी इथंच आहे."

येसबानं श्वास घेतला. आधी त्यानं विचारलं, "उजव्याच्या कामट्या सोडू का?" तिनं मान हलवली. त्यानं त्या सोडल्या. मग विचारलं, "साळूबाई, डाव्याला हात लावू का?"

साळूनं जरा विचार केला. तिनं खरंच विचार केला, असं आत्या सांगते. विचारलं म्हणजे लगेच हो म्हणायचंच असं नसतं.

मग ती म्हणाली, "लावा."

येसबानं डोळे मिटून हात लावला. आणि त्या क्षणी आतलं हाडच म्हणालं, "इथं," असं म्हणतात. करंजाचं पान गळून खाली पोहोचायच्या आत हाड जागेवर गेलं होतं. साळू ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "झालं?" येसबा म्हणाला, "झालं," आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यानं कामट्या बांधल्या, ह्या वेळी डाव्याच हाताला, आणि तरी बांधताना दोनदा विचारून घेतलं, "हाच ना?"

(आता दोनच गोटे आहेत. भराभर लिहिते.)

हे सगळं चाललं होतं तेव्हा इनामदार पालखीतून बघत होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, पण बारा वर्षांपासून त्यांना ऐकूच यायचं नाही. म्हणून ते ओरडायचे. म्हणून गप्प बसायचे. आणि हाक न ऐकता चालायचे, म्हणून ठेचकाळायचे, आणि ते ठेचकाळतात म्हणून कारभारी त्यांना वैद्यांकडे न्यायचा आणि सांगायचा, सरकारांचा पाय. सात वैद्यांनी त्या धडधाकट पायाला सात लेप लावले होते.

इनामदारांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यांना दिसलं, की हा माणूस त्या बाईला काहीतरी विचारतो आहे आणि ती मान हलवेपर्यंत थांबतो आहे. त्यांच्यापुढे सगळे वाकायचे, पण त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

ते पालखीतून उतरले. एकटेच ओढ्यावर गेले. अंगठ्या घातलेल्या हातांनी एक गोटा उचलला, भरजरी अंगरखा चिखलानं माखून घेत चढ चढले आणि साळूच्या गोट्यामागे आपला गोटा ठेवून खाली बसले. तेरावे.

येसबा त्यांच्यासमोर आला. "आपलं नाव?"

"सरकारांना नाव विचारतोस?" कारभारी म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," येसबा म्हणाला. मग इनामदारांच्या तोंडासमोर आपलं तोंड आणून त्यानं सावकाश पुन्हा विचारलं. ओठ बघून इनामदारांना कळलं.

"रखमाजी," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे भोयांनाही त्या दिवशीच कळलं.

"रखमाजीराव, कुठं दुखतंय?"

कारभारी म्हणाला, "पाय!" इनामदारांनी कानावर बोट ठेवलं.

येसबानं विचारलं, हात लावू का. मग कोमट तिळाचं तेल घालून वाट बघितली आणि कान साफ केला. आतून जोंधळ्याचा एक दाणा निघाला, आणि त्याला दोन हिरवी पानं फुटलेली होती, असं म्हणतात. इनामदारांनी बारा वर्षांनी पहिला आवाज ऐकला तो लोकांच्या हसण्याचा, कारण कारभारी अजून एका पायावर उभा होता. मग इनामदारही हसायला लागले. त्यानंतर ते कधी ओरडले नाहीत. येसबाच्या घराचं छप्पर जागेवर राहिलं, आणि कारभाऱ्याला बोलायला काही उरलं नाही.

साळूचा हात सरळ जुळला. सव्वा महिन्यानं ती मागावर बसली आणि डाव्या हातानं पहिला धोटा झेलला, तो आवाज ओढ्यापलीकडून येसबाला ऐकू आला. तिनं विणलेली पहिली घोंगडी तिनं येसबाला दिली आणि बजावलं, "ही तुम्ही पांघरायची नाही. दुखणारं माणूस बसेल तिथं अंथरायची." दौलूनं ती डोक्यावरून वाहून आणली, आणि येसबानं "बसा, दौलूबा" म्हटल्यावर तो लाजून उंबऱ्यावरच बसला.

येसबा गेला, साळू गेली. घराच्या जागी दवाखाना झाला. पण अजूनही इथे कुणी चिठ्ठी घेत नाही. ओढ्यातून गोटा आणायचा, ओळीत ठेवायचा आणि पारावर बसायचं. दुसऱ्याच्या गोट्याला कुणी हात लावत नाही. सगळ्यांत पुढे उंबऱ्याजवळ साळूचा गोटा आहे, तो अजून हललेला नाही. आत तपासायच्या बाकावर घोंगडी असते. डॉक्टर उठून उभे राहतात, नाव विचारतात, दुखणाऱ्यालाच आधी विचारतात आणि सोबतच्या माणसाला नंतर. (आईला हे आवडत नाही. तिला माझ्यापेक्षा छान सांगता येतं.) आणि हात लावू का, हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावत नाही, अगदी लहान बाळालासुद्धा. बाळ हसलं तर हो समजतात.

चैत्र पौर्णिमेला येसबाची पुनव असते. त्या दिवशी डॉक्टरांनी गोटा लावायचा आणि गावातल्या सर्वांत वयस्कर माणसानं त्यांना विचारायचं, कुठं दुखतंय. गेल्या वर्षी नवे डॉक्टर आधी खो खो हसले. मग पाठीला हात लावून म्हणाले, "पाठ. खूप दिवस झाले."

आता माझ्यापुढे एकही गोटा नाही. आधीची अर्धी गोष्ट मी का सांगितली, ते सांगायचं राहिलं. आत्याला वाटतं, चूक कळली तर येसबा लहान होईल. मला तसं वाटत नाही. आठ गड्यांना गोटा हलला नाही किंवा कानातून दाणा निघाला, ह्यामुळे येसबा मोठा झालाच नाही. मला वाटतं, तो मोठा झाला ते त्या नवव्या दिवशी, जेव्हा साळूनं विचारलं कुठला हात, आणि त्यानं मान वर करून

"देवयानीताई, आपला गोटा आला. आत येता का?"